डाव्या बाजूची सूज

“कॅन्सर परत आलेला नाही. हा ब्रेस्ट लिम्फेडिमा आहे,” परळच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर बायोप्सीचा रिपोर्ट बघून म्हणाल्या. लिम्फ म्हणजे शरीरात फिरणारा पाण्यासारखा द्रव. ऑपरेशनमध्ये काखेतल्या लिम्फच्या गाठी काढल्या, वर रेडिएशन झालं, त्यामुळे त्याची वाट अडली आणि तो स्तनात साचला. मला वाटलं होतं, रडू येईल. आधी भूक लागली.

खरं तर हे तीन महिने आधीच कळलं असतं. मी लालबागला ब्लाउज शिवते. डावी बाजू घट्ट व्हायला लागली तेव्हा डॉक्टरकडे नाही गेले, डावीकडची शिलाई उसवली. एकदा नाही, तीनदा. गिऱ्हाईक असती तर मी तिला हाताला धरून दवाखान्यात नेली असती. स्वतःच्या वेळी अक्कल गहाण!

कातडी लाल झाल्याचं मुलीनं पाहिलं, मला हूक लावून देताना. संत्र्याच्या सालीसारखी दिसतेय, म्हणाली. मग सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि कातडीचा बारीक तुकडा काढून बायोप्सी. रिपोर्ट येईपर्यंत आठ दिवस शिलाई मशीनला हात लावला नाही.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी मॅन्युअल लिम्फ ड्रेनेज समजावलं. बोटांनी कातडी अगदी हलकी ओढत साचलेलं पाणी पुढे सरकवायचं. “रोज घरी करायचं. नाही केलं तर सूज कडक होत जाईल, मग उतरवणं अवघड.”

तिथेच माझं घोडं अडलं. ऑपरेशन झाल्यापासून मी तिकडे बघितलंच नव्हतं. आंघोळसुद्धा भिंतीकडे बघून. अख्ख्या चाळीतल्या बायकांची मापं घेणारी मी, पण स्वतःला हात लावायचा म्हटलं की अंगावर काटा.

“मुलगी करेल,” मी म्हटलं.

“अंग कोणाचं आहे मावशी, तिचं?”

असा राग आला मला! दोन दिवस गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी गेले. बाईंनी माझा हात धरून तिथे ठेवला. कोमट लागलं. मग मी रडले, चांगली हुंदके देऊन.

कॉम्प्रेशन ब्रा, म्हणजे दाब देणारी घट्ट ब्राही मिळाली. “हिची शिलाई उसवायची नाही हं,” बाईंनी दम भरला.

दोन महिन्यांत सूज बरीच उतरली. पूर्ण नाही, कदाचित थोडी राहीलही. बायांनो, एक बाजू जड वाटली, लाल झाली, तर आधी दाखवा. काय आहे ते आपण घरी ठरवायचं नाही.

आता मी रोज सकाळी दार लावून आरशासमोर बसते. परवा मुलीनं दार ठोठावलं. “आई, अजून किती वेळ?”

“थांब गं,” मी म्हटलं. “माझं मला बघू दे.”