न कापलेली चार पानं

जुन्या कागदाचा एवढा लळा माणसानं लावून घ्यावा का, असं शेजारच्या वाल्मिककडे बघून मला कायम वाटायचं. हा धुळ्याकडचा गडी इथं वापीपलीकडच्या खडोलीतल्या एका कारखान्यात धागा तपासतो. दिवसभर माल उजेडात धरून पास की रिजेक्ट ते सांगायचं, आणि डोकमर्डीतल्या आपल्या दोन खोल्यांत परतला की तेच काम जुन्या चित्रकथांवर आणि रहस्यकथांच्या मासिकांवर करायचं. वापी, सुरत, नाशिक इथल्या रद्दीवाल्यांकडून त्यानं सातशे अंक जमवले. घरातलं एकुलतं एक लोखंडी कपाट त्यांनीच अडवलंय. बायकोच्या, ममताच्या साड्या पलंगाखालच्या पेटीत!

प्रत्येक अंक तो खिडकीशी नेतो. पिनांचा गंज, वाळवीचं भोक, कुणी शाईनं घातलेलं नाव, काही म्हणजे काही सोडत नाही. मग अ, ब, क किंवा ड. मी सरकारी कचेरीत वीस वर्षं काढलीत. शेरे कसे मारले जातात ते मला विचारा. इतका निर्मळ शेरा मी पाहिलेला नाही. स्वतःच्या लाडक्या अंकालाही तो ‘ड’ देतो आणि मग दिवसभर तोंड पाडून बसतो.

गेल्या वर्षी माझी आई राजापूरहून माझ्याकडे राहायला आली. तिच्या ट्रंकेत खाकी कव्हर घातलेला, चौऱ्याहत्तर सालचा रहस्यकथांचा एक अंक होता. मोठ्या ऐटीत तिनं तो वाल्मिकपुढे ठेवला. त्यानं पानं उलटली.

“मावशी, शेवटच्या पानांत कापलेली खिडकी आहे ना. ड.”

मला रागच आला. म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला काय जातं? आई मात्र हसली. “मीच कापलंय रे ते. सोडतीचं कुपन होतं, बक्षीस सायकल. पाकीट टपालपेटीत टाकून आले नि गोष्ट वाचायला बसले, तर खुनी कोण ते नेमकं कुपनाच्या पाठीवर! सायकलही गेली नि खुनीही गेला.” तेव्हा ती सोळा वर्षांची होती. पुढं ज्याच्या त्याच्याकडे तो अंक मागितला, पण सगळ्यांनीच कुपन कापलेलं. तेव्हापासून तिचा संशय गोष्टीतल्या वकिलावर.

वाल्मिक उठून घरी गेला. कपाटातून त्यानं आपल्याकडचा तोच अंक आणला. बांधणीवाल्याच्या हातून त्याची शेवटची चार पानं कडेला कापायची राहिली होती. पानं जोडलेलीच राहिल्यामुळं आतलं कुपन कुणाच्या नजरेसच पडलं नव्हतं. त्याच्या सातशेतला हा एकमेव ‘अ’. नाशिकचा एक संग्राहक त्याच्या बदल्यात वाल्मिकला हवे असलेले तीस अंक द्यायला तयार होता. अट एकच, पानं उघडायची नाहीत.

“राहू दे रे,” आई म्हणाली. पण त्या रात्री ती जेवली नाही. काचबिंदूनं तिचा उजवा डोळा गेलाय आणि डावाही चाललाय.

रविवारी सकाळी वाल्मिक अंक आणि नवं ब्लेड घेऊन दारात उभा. इतकी वर्षं त्याची टिंगल करणारा मी, मीच त्याचा हात धरला. “वेडा झालास का? तीस अंक जातील!”

“भाऊ, अंक वाचायला छापेल व्हता ना,” तो म्हणाला. त्यानं कड सरळ, सावकाश कापली.

आईनं पान डाव्या डोळ्याशी नेलं, पण अक्षरं लागेनात. तिनं अंक त्याच्याकडे दिला. तो मोठ्यानं वाचू लागला आणि मध्येच थांबला.

“काय झालं रे?”

“काही नाही मावशी. अकरा वर्षं झाली हा अंक माझ्याजवळ आहे. पण मलाबी माहीत नव्हतं ना, खुनी कोण ते.”

मला भरून आलं. खरं सांगतो, असा माणूस शेजारी मिळाला म्हणून मी नशीबवान.

खून कंपाउंडरनं केला होता.

“मला वाटलंच होतं!” आईनं टाळी वाजवली. धादांत खोटं! पन्नास वर्षं ती वकिलाला शिव्या देत आलेली, आणि अंक दाखवला त्या दिवशी वाल्मिकच्या देखतही दिल्या होत्या. वाल्मिकनं डोळे पुसले आणि म्हणाला, “हो मावशी, तुमचं पहिल्यापासून बरोबरच होतं.”