आघाड्याचा कोपरा आणि सहा कोंबड्या

माझी कंबर वाकत नाही, म्हणून मी सहा कोंबड्या आणल्या.

(खरं तर पाच कोंबड्या आणि एक कोंबडा. तो काम काहीच करायचा नाही, नुसता ओरडायचा. माझी बायको मंगल म्हणाली, "घरात असा एक होताच की!")

झालं असं, की थोरल्या वहिनींचे गुडघे दुखायला लागले आणि यंदा पहिल्यांदाच महालक्ष्म्या आमच्या चिकलठाण्याच्या घरी बसवायचं ठरलं. लग्नानंतर तीस वर्षांनी मंगलला हा मान मिळत होता. आणि आमच्या परसात गाजरगवत कमरेला लागत होतं! "सणाच्या आधी तेवढं उपटून टाका," ती म्हणाली. उपटायचं म्हणजे वाकणं आलं. मी दौलताबादला मामेभावाकडे, दत्ताकडे गेलो.

"आरं, ह्या कोंबड्या घेऊन जा की!" दत्ता म्हणाला. "लई गुणाच्या हायेत. हिरवी काडी ठेवणार नाय. वर अंडी!"

कोंबड्यांनी पहिल्या आठवड्यात कोथिंबीर संपवली, दुसऱ्या आठवड्यात मिरचीची रोपं. गाजरगवताला एकीनंही चोच लावली नाही; शेवटी ते मंगलनंच उपटलं. अंडं तर एकही नाही! "नवी जागा हाय, रुळू दे," दत्ता फोनवर म्हणायचा. मीही मनावर घेतलं नाही, कारण श्रावण लागला होता आणि आमच्याकडे श्रावणात अंडं चालत नाही. मग एक कोंबडी गायब झाली. मांजरानं नेली असं मी जाहीर केलं आणि दोन दिवस गल्लीतल्या प्रत्येक मांजराकडे संशयानं बघितलं.

परसाच्या एका कोपऱ्यात मात्र कोंबड्या फार ओढीनं जायच्या. तिथं कसलंसं रान माजलं होतं. मंगल त्यांना झाडू घेऊन हाकलायची. का, ते मी विचारलं नाही. तेवढ्यात लेकीच्या डोहाळजेवणासाठी ती आठ दिवस पुण्याला गेली. जाताना म्हणाली, "त्या कोपऱ्याकडे लक्ष ठेवा बरं का!"

मी लक्ष ठेवलं. रोज सकाळी खुर्ची टाकून, चहा पीत, कोंबड्या तो कोपरा कसा साफ करतात याकडे बारकाईनं लक्ष ठेवलं! आठ दिवसांत तिथं तळहातासारखी जमीन झाली. मी फोटो काढला आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाकला: "तण हटवा, परस सजवा!" खाली भिंतीपलीकडच्या सय्यदभाईंच्या रान माजलेल्या परसाचाही फोटो टाकला आणि लिहिलं, "काहींनी बोध घ्यावा." (त्यांच्या परसाचा मी टाकलेला हा तिसरा फोटो होता.)

मंगल रात्रीच्या गाडीनं परतली, ती थेट सणाच्या सकाळीच. आल्याआल्या ती स्वयंपाकघरात शिरली. बारा वाजून गेल्यावर गावाहून वहिनी आल्या आणि टेकायच्या आधीच म्हणाल्या, "मंगल, आघाडा, दुर्वा काढून आण गं. आन् उद्याच्या सोळा भाज्यांत घालायला केना बी. तूच म्हणाली न्हवं, काय बी आणू नका, परसात समदं हाय?"

"आहे की, ताई! पावसाळ्यापासून जपलाय तो कोपरा," मंगल म्हणाली आणि मागचं दार उघडून उभी राहिली.

उंबऱ्यावरूनच तिनं सगळा कोपरा नजरेनं चाचपला. तीस वर्षांच्या संसारात मी इतका कधीच घाबरलो नव्हतो. मग ती हळूच म्हणाली, "आघाडा कुठंय?"

आता खरं सांगतो, मी आघाडा आयुष्यात फक्त ताम्हणात, जुडी बांधलेला पाहिला होता. जमिनीत उभा असला की तो असा दिसतो, हे मला कोण सांगणार?

"गुलमंडीच्या बाजारातून आणतो!"

"आणि ताईंसमोर पिशवीतून काढू? पहिल्याच वर्षी?" तिचे डोळे भरून आले होते. दोनच्या आत महालक्ष्म्या बसायच्या होत्या आणि साडेबारा वाजले होते.

मी ग्रुपवर लिहिलं, "कुणाकडे आघाडा आहे का? तातडीचं!" लगेच उत्तरं आली. "काका, तुमच्याच सांगण्यावरून उपटला." "आमचं परस एकदम स्वच्छ, काका!" एकानं माझाच फोटो मला परत पाठवला.

उरले सय्यदभाई.

मी भिंतीवरून डोकं काढलं. ते खाटेवर पेपर वाचत होते.

"आओ, कदम साब! फोटो निकालने आए?"

"नाही हो. थोडा घास होना था."

"घास?" मी चक्क गवत मागतोय म्हटल्यावर ते उठून बसले. "तुमकू? घास होना?"

मी सगळं सांगितलं. ते इतके हसले की चष्मा पडला! "लेव, जित्ता होना उत्ता लेव. और तुम्हारी मुर्गी बी लेके जाव."

आघाड्याच्या दाट बुंध्याशी माझी मांजरानं नेलेली कोंबडी बसली होती. पंखाखालून नऊ पिल्लं डोकावत होती.

"सब दीवार फांद के इदरीच आते, अंडे देने कू," सय्यदभाई म्हणाले. "तुम्हारे उदर छुपने कू जगाच नई ना! जित्ते निकलते, सब इसके नीचे रख देता था मैं."

सय्यदभाईंनी उपटून दिलेला आघाडा, दुर्वा, केना असा भारा घेऊन मी भिंतीवरून उतरलो. त्यांनी वरून कोंबडी आणि पिल्लांची टोपली दिली. मी मागच्या दारानं घरात शिरलो तेव्हा दीड वाजला होता. वहिनींनी आघाडा हातात घेऊन निरखला. "कसला तजेलदार हाय गं, मंगल!" मग टोपलीकडे बघून खळखळून हसल्या. "महालक्ष्म्या येतात लेकरांसंगं, अन् ही बया त्यांच्या आधीच लेकरं घेऊन आली की!"

मंगल हसली. माझ्याकडे न बघता हसली, पण हसली. माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी, महालक्ष्म्यांच्या जेवणाला, सय्यदभाईंकडे पुरणपोळीचं ताट गेलं. पहिलं ताट, माझ्याही आधी.

आता सय्यदभाईंनी दिलेली रोपं आमच्या त्याच कोपऱ्यात जोमानं वाढताहेत. मंगलनं भोवती छान जाळी लावून घेतली आहे. जाळीला दार आहे आणि दाराला कुलूप.

कोंबड्यांसाठी जाळी पुरेशी होती. कुलूप माझ्यासाठी आहे.