उन्हावर गोठवलेला गारवा

आमच्या मोठ्या जाऊबाई फ्रिज दुरुस्त करतात. आधी दुकान नवरा-बायको मिळून चालवायचे. भावजींना अर्धांगवायू झाला, तेव्हापासून त्या एकट्याच. जीभ अशी तिखट की गिऱ्हाईक फ्रिज टेकवून काढता पाय घेतं. मला त्यांचं तोंड आवडतं. माझंही तसंच आहे.

त्यांची खोली वरच्या मजल्यावर. छत तापलं की नुसती भट्टी, आणि नेमकी संध्याकाळी वीज जाते, म्हणजे एसी असून नसून सारखाच. डॉक्टरांनी बजावलं होतं, भावजींना हा उकाडा झेपणार नाही. मुलगा म्हणाला, "आई, उन्हाळाभर बाबांना दवाखान्यात ठेवू."

"तिथे यांच्याशी भांडायला कोण आहे?" जाऊबाई कडाडल्या. "हे इथून हलणार नाहीत!"

त्यांनी गच्चीत सोलर पॅनल बसवले. दिवसभर उन्हावर जुना डीप फ्रीजर चालवायचा, आतल्या पिंपातलं पाणी बर्फासारखं गार करायचं, आणि वीज गेली की तेच गार पाणी मोटारीच्या जुन्या रेडिएटरमधून खेळवून मागे पंखा लावायचा. पंप-पंख्यापुरती छोटी बॅटरी. पण फ्रिजवाल्यांना थंडीची हाव फार! बाईंनी बटण थेट शेवटच्या आकड्यावर नेलं. पाण्याचा दगड झाला, पिंप तडकलं, आणि पंपाला ओढायला थेंब उरला नाही.

"झाली हौस? रविवारी गाडी आणतो," मुलगा म्हणाला. मला त्याचा असा संताप आला!

जाऊबाई स्वतःवरच चिडल्या होत्या. "जन्मभर गिऱ्हाइकांना सांगितलं, बटण मधोमध ठेवा. आणि मीच?" त्यांनी दुसरं पिंप आणलं. साधं पाणी बाटल्यांत भरून त्या आत सोडल्या आणि भोवती मिठाचं पाणी ओतलं. आता बाटल्या गोठत होत्या आणि मिठाचं पाणी वाहतं राहत होतं.

रविवारी संध्याकाळी मुलगा घाम पुसत जिना चढून आला. वीज गेलेलीच होती. इकडेतिकडे न बघता तो बापाची बॅग भरायला लागला. जाऊबाईंनी त्याला अडवलंही नाही, फक्त रेडिएटरमागचा पंखा जरा वाढवला.

तेवढ्यात भावजी पुटपुटले, "चादर... दे."

"काय?" जाऊबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मोठ्यानं सांगा. पोराला ऐकू आलं नाही."

"थंडी वाजतेय गं!" भावजी खेकसले.

जाऊबाईंनी मुलाच्या हातातल्या बॅगेतून चादर ओढून काढली.