शिंगराचं पोट

वारंगा फाट्याजवळ आमचं घर. सासरे वरातीला घोड्या पुरवायचे. दारात दोन घोड्या होत्या आणि पांढरीला झालेलं एक शिंगरू. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. घोड्यांचं सगळं तेच बघत, लीद काढणं तेवढं माझ्याकडे.

पावसाळ्यात शिंगरू खंगायला लागलं. केस राठ झाले, बरगड्या वर आल्या, पोट मात्र मडक्यासारखं. मधूनमधून खोकायचं. एका सकाळी लिदीत मला वितीएवढा पांढरा जंत दिसला. तो मामांना दाखवला.

"तरी म्हणलं, काहून वाढून न्हाई राहिलं," ते म्हणाले.

जंताचं औषध घरात नवीन नव्हतं. लग्नसराईच्या आधी, नंतर, मधे कधी जनावर मरगळलं की मामा दुकानातून त्याच औषधाची नळी आणायचे आणि सगळ्यांच्या तोंडात पिळायचे. शिंगरालाही दोनदा दिली होती, गुण आला नव्हता. म्हणून या वेळी त्यांनी दुसरं, जास्त कडक औषध आणलं आणि मोठ्या घोडीला देतात तेवढं शिंगराला पाजलं.

"लहान हाय ते. डॉक्टरला विचारावं का?" मी म्हणाले.

"घोड्यातच जन्म गेला माझा, माय. तू नको भिऊ."

दुसऱ्या दिवशी शिंगरू आचळाला लागलं नाही. मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघायचं, बसायचं, उठायचं, मग अंगणात लोळायला लागलं. घामानं निथळत होतं. दुपारी जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी नाकातून नळी घातली, तर पोटातल्या पाण्याबरोबर जंत बाहेर आले. दिवस मावळायच्या आत शिंगरू गेलं.

मामांनीच पोट फाडून बघायला सांगितलं. आतडं एका जागी जंतांनी गच्च भरून फुटलं होतं. मी तिथून हलले नाही, पण परत तिकडे बघितलंही नाही.

"औषधानं सगळे एकदम लुळे पडले आणि त्यांचा बोळा अडकला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एवढे जंत असले की आधी लीद तपासून, वजन बघून, हळूहळू काम करणारं औषध द्यावं लागतं. आणि तुमचं जुनं औषध सारखं देऊन देऊन जंतांना पचलंय."

"मंजे म्याच मारलं."

त्या हात धूत होत्या. "जंत होतेच, काका. पण आधी विचारायला पाहिजे होतं."

पांढरी कितीतरी दिवस दाराकडे बघून खिंकाळायची. तिची कास तटतटली होती, हात लावू द्यायची नाही.

नंतर दोन्ही घोड्यांची लीद तपासून आणली. दुसरीच्या लिदीत जंतांची अंडी नावालाच होती, तिला औषध दिलंच नाही. पांढरीच्या लिदीत खूप निघाली. तिला दिलेल्या औषधाचाही पूर्ण गुण आला नाही. आता एकच औषध तिला लागू पडतं. ते उगाच वापरून वाया घालवू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. रोजची लीद मी चरायच्या जागेपासून लांब खड्ड्यात टाकते. पण शिंगरांना होणाऱ्या त्या जंताची अंडी मातीत वर्षानुवर्षं तग धरतात म्हणे.

पांढरीला पुन्हा गाभण करायचं का, असं मी एकदा मामांना विचारलं.

"या अंगणात न्हाई," ते म्हणाले. घोड्यांना ते आता चारासुद्धा घालत नाहीत, तो मीच टाकते.