क्षेत्र म्हणजे किती गुंठे?

मंगळवारी सकाळी माझे पती गेले. संध्याकाळी त्यांना माहुलीच्या स्मशानघाटावर नेलं.

ते साताऱ्यात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत. उद्याचा पाठ आदल्या संध्याकाळी मोठ्याने म्हणून पाहायचा, ही त्यांची सवय. ऐकायला बहुधा मीच असे. माझा विषय मराठी. सूत्रं कळत नसत, शब्द लक्षात राहत.

एकदा पलूसहून धाकटे दीर आले होते. हे विद्युतक्षेत्र समजावत होते. दिरांची द्राक्षबाग, क्षेत्र म्हणजे त्यांच्या लेखी सातबाऱ्यावर असतं ते. बराच वेळ ऐकून ते म्हणाले, "दादा, क्षेत्र क्षेत्र लय चाललंय, पन किती गुंठं हाय ते सांग की."

"गुंठ्यात मावत नाही रे. त्याला बांधच नाही."

"मग शेजाऱ्याशी भांडान कशावरनं करायचं?"

यांनी हसत प्लास्टिकची पट्टी केसांवर घासली आणि कागदाच्या कपट्यांजवळ धरली. कपटे उडून तिला चिकटले. कपट्यामुळे ओढ दिसते एवढंच, ते म्हणाले. कपटा नसला तरी पट्टीवरच्या विद्युतप्रभाराभोवती क्षेत्र असतंच. अंतर दुप्पट केलं की बल चौथाई होतं. आणखी लांब गेलं की आणखी कमी, पण शून्य कुठेच नाही. आणि प्रभार जागचा हलवला, तर लांबच्या ठिकाणाला ते लगेच कळत नाही. तिथवर बदल पोचायला वेळ लागतो, फार थोडा, पण लागतो.

दिवसकार्य झाल्यावर दीर मला न्यायला म्हणून थांबले. जाऊबाईंनी खोली लावून ठेवली होती. माझी पिशवीही भरून झाली होती; घर बंद करून निघायचं, एवढंच उरलं होतं. मायेनं बोलावणाऱ्याला नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही, आणि एकदा गेले असते तर परत आले नसते, हे मला ठाऊक होतं.

"वहिनी, हितं आता कोन हाय तुमचं?" त्यांनी विचारलं.

शास्त्रातल्या गोष्टी माणसांना लावलेल्या यांना आवडत नसत. तरी मला दुसरं काही सुचलं नाही.

"भाऊजी, ते गेले हे माझ्यापर्यंत अजून पोचलेलं नाही. ते इथेच पोचू दे."

त्यांनी एकच पिशवी उचलली, स्वतःची.

आता या घरात मी राहते. किल्ली माझ्याकडे आहे.