राजूचा पुडा

आम्ही घरी कुत्र्यांसाठी बिस्किटं करतो असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो. मग स्वतःच्या नाहीतर शेजाऱ्याच्या कुत्र्याची काहीतरी गोष्ट सांगायला लागतो. ती गोष्ट बहुतेक वेळा कुत्र्याची नसतेच, घरातल्या माणसांची असते. चार वर्षं हे चाललंय. आमची बिस्किटं संपतात, किस्से संपत नाहीत. पण सगळे हसण्यासारखे आहेत असं मात्र समजू नका.

आम्ही म्हणजे मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. सोलापुरातच असतो, जुळे सोलापूरला. मळणं, लाटणं, कापणं त्यांच्याकडे. ओव्हन, फोन आणि पुड्यांवर नावं घालणं माझ्याकडे. आत्या जेऊरच्या. त्यांना वाचता येत नाही, पण पिठाला हात लावून ज्वारी कुठल्या रानातली ते सांगतील, अशी त्यांची स्वतःची समजूत आहे. आम्ही ती मोडत नाही.

*

सुरुवात मरणानं झाली. सासरे, म्हणजे मामा, एका सकाळी अंघोळीला गेले ते बाहेर आलेच नाहीत. त्यानंतर आत्यांनी भिंतीकडे तोंड केलं. आठ महिने. अंघोळीपुरतं उठायचं, अर्धी भाकरी चिवडायची आणि परत आडवं व्हायचं. डॉक्टर झाले, देव झाले, नणंद येऊन रडून गेली. काही उपयोग नाही.

मामांचा कुत्रा होता, काळ्या. तोही मामांच्या खुर्चीखाली पडून राहायला लागला. दूध नाही, पोळी नाही. एक दिवस माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आत्या, तुम्ही मरायचं ठरवलंय ते ठरवलंय. ते मुकं तुमच्या नादानं मरतंय, त्याचं काय?"

बोलून गेले आणि माझी मलाच लाज वाटली. पण तासाभरानं स्वयंपाकघरात परातीचा आवाज आला. आत्यांनी ज्वारीची पातळ भाकरी थापली होती, त्यात शेंगदाण्याचा कूट घातला होता, आणि कडक भाकरी करतात तशी तव्याच्या कडेला उभी करून वाळवत होत्या. मग तुकडे केले. काळ्यानं हुंगलं, चाटलं, खाल्लं.

आत्या मला म्हणाल्या, "अजून दोन करू का गं?"

आठ महिन्यांत त्यांनी मला विचारलेला तो पहिला प्रश्न. काळ्या पुढं वर्षभर जगला, आणि तोवर आजूबाजूचेही आपल्या कुत्र्यांसाठी विकत मागायला लागले होते. पण त्या दिवसापासून एक गोष्ट मी मनात पक्की धरली आहे. हे काम आहे म्हणून आत्या उठतात. ह्या कामाचं त्यांच्या मनातून काही बिनसलं, तर त्या परत भिंतीकडे वळतील, आणि ह्या वेळी उठणार नाहीत.

*

जनावरांच्या डॉक्टरांनी आम्हाला यादी दिली. मीठ नको, साखर नको, कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं नको. मी ती मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवली आणि आत्यांना वाचून दाखवली.

आत्या म्हणाल्या, "मीठ न्हाई, साखर न्हाई. मंग त्यांनी जगायचं कशासाटी?"

पण यादी पाठ केली. आणि वर स्वतःचा एक नियम लावला: प्रत्येक ट्रेमधलं एकेक बिस्किट घरातल्या प्रत्येकानं खायचं. "आपल्या तोंडात जात न्हाई ते मुक्याच्या तोंडात का घालायचं?" त्यामुळे माझा नवरा चार वर्षं कुत्र्यांची बिस्किटं खाऊन ऑफिसला जातोय. तिथं कुणाला सांगत नाही.

पुतणीला बघायला टेंभुर्णीचे पाहुणे आले होते, तेव्हा जाऊबाईंनी घाईत चिवड्याशेजारी आमचाच ट्रे ओतला. मुलाच्या वडिलांनी चार बिस्किटं खाल्ली. आम्हाला घाम फुटला. ते म्हणाले, "खमंग झालीत. फकस्त मीठ घालायला विसरलाय जणू."

आत्या आतूनच म्हणाल्या, "आमच्यात कमीच खात्यात."

लग्न जमलं. व्याही अजून आले की तीच बिस्किटं मागतात. सांगायचं कुणी, ह्यावर घरात एकमत होत नाही.

*

एकदा महिलांच्या प्रदर्शनात आम्ही टेबल मांडलं होतं. सांगोल्याकडचे एक मेंढपाळ बाबा आले, पटका बांधलेले. बिस्किट उलटंपालटं करून बघितलं. मी माहिती दिली: भोपळा आहे, शेंगदाणा आहे, केस चमकतात.

त्यांनी बिस्किट अलगद खाली ठेवलं. म्हणाले, "बाई, आमचं कुत्रं हे खायला लागलं, तर लांडगं आमाला खात्याल."

आत्यांना तो माणूस फार आवडला. त्याला त्यांनी बसवून चहा पाजला. बाबांनी सांगितलं, गेल्या हंगामात त्यांच्या कुत्र्यानं एकट्यानं लांडगा अडवला. मेंढरं वाचली. कुत्रं मात्र दोन दिवस जगलं. "शेवटाला काय खाईना," बाबा म्हणाले, आणि जाताना ते एक बिस्किट उचलून खिशात टाकून गेले. त्यांनी ते कुणाला घातलं, माहीत नाही.

*

आता बंगल्यातला वाढदिवस. पग जातीचा कुत्रा, वय तीन. आमचा भोपळ्याचा केक, वर मेणबत्ती, कुत्र्याच्या डोक्यावर टोपी. मी केक पोचवायला गेले आणि आग्रह झाला म्हणून थांबले. फोटो चालले होते, तेवढ्यात कोपऱ्यातल्या खोलीतून घरातले आजोबा काठी टेकत आले. त्यांना सगळे आप्पा म्हणत होते.

"मला पण दे की गं जरा," ते सुनेला म्हणाले.

"आप्पा, कुत्र्याचा केक आहे तो."

"मंग साखर नसंल त्यात. मला चालतंय."

सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. आप्पांचा हात तसाच पुढं होता, आणि मग फोटोत येतोय म्हणून कुणीतरी त्यांना बाजूला केलं.

घरी येऊन मी हा किस्सा रंगवून सांगितला. आत्या हसल्या नाहीत. पुढच्या वेळी त्या बंगल्याच्या पुड्याबरोबर त्यांनी आणखी एक छोटा पुडा दिला. त्यात तीळ होते, ओवा होता आणि मीठ होतं.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"आप्पांचं. मानसाला मीठ लागतं."

तीन वेळा असे दोन दोन पुडे गेले. चौथ्या वेळी सूनबाईंचा फोन आला, "ते छोटं पाकीट आता नको. आप्पा गेले. मोठं मात्र शनिवारी पाठवा, त्याच्याशिवाय हा जेवत नाही."

*

आता नरसय्याअण्णांचं सांगते. चादरीच्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला. बायको नाही, मुलगी भिवंडीला. घरात ते आणि राजू, बारा वर्षांचा गावठी कुत्रा. दर शनिवारी अकराला अण्णा सायकलवर येणार, राजू मागून चालत येणार, पुडा घेणार, दोघं जाणार.

राजू म्हातारा झाला. पाय लटपटायला लागले. आत्यांच्या जिवाला ते लागलं. ओव्हनची बिस्किटं त्याला कडक होतात म्हणून त्याचा पुडा त्या वेगळा, तव्यावर करायला लागल्या. एका शुक्रवारी मी लग्नाला गेले होते. भाच्यानं स्वतःच्या बागेतल्या बेदाण्यांचा डबा पाठवला होता. आमच्याकडे बाळंतिणीला, आजाऱ्याला, अशक्त माणसाला बेदाणे देतात. आत्यांनी मूठभर बेदाणे भिजवले, वाटले आणि राजूच्या पिठात घातले. ताकदीसाठी.

डॉक्टरांनी मला द्राक्षं आणि बेदाणे असं दोन्ही सांगितलं होतं. मी यादीत फक्त द्राक्षं लिहिलं. म्हटलं, त्यातच आलं की. आत्यांच्या लेखी ती दोन वेगळी खाणी आहेत. एक थंड, एक शक्तीचं.

रविवारी राजूला उलट्या सुरू झाल्या. सोमवारी लघवी बंद झाली. मंगळवारी अण्णांचा फोन आला, तेव्हा मी दवाखान्यात पोचले. डॉक्टरांनी पुडा हुंगला, एक तुकडा मोडला आणि मला दाखवला. म्हणाले, म्हातारं कुत्रं होतं, ह्यानंच गेलं असं छातीठोक सांगता येणार नाही. पण हे त्याच्या पोटात जायला नको होतं. राजू टेबलावर होता. अण्णांनी त्याच्या अंगावर स्वतःच्या हातची जुनी चादर घातली होती.

बाहेर आल्यावर मी अण्णांच्या पाया पडले. म्हटलं, चूक माझी आहे, मी लिहिलं नाही. आता घरी जाऊन आत्यांना सांगते.

"वद्दम्मा," अण्णा तेलुगूत म्हणाले. नको. "तुझी सासू कशी उठली ते तूच सांगितलंय मला. आता तिला सांगशील, ती झोपेल भिंतीकडं तोंड करून. राजू उठून येणार आहे का त्यानं?"

अण्णा सायकलचं कुलूप काढायला लागले. दोनदा चुकीची किल्ली लावली. मग म्हणाले, "शनिवारचा पुडा ठेव. नेहमीसारखा."

घरी येऊन मी आत्यांना सांगितलं, डॉक्टरांनी यादीत नवीन घातलंय, बेदाणे बंद. आत्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "बरं," म्हणाल्या. संध्याकाळी तो डबा शेजारी देऊन टाकला. त्यानंतर आमच्या घरात शिऱ्यातसुद्धा बेदाणा आलेला नाही.

*

अण्णा शनिवारी आले. एकटे.

"राजू कुटं हाय?" आत्यांनी विचारलं.

"घरी. चालवत नाही आता त्याला."

असं दोन वर्षं चाललं. दर शनिवारी आत्या राजूची चौकशी करणार आणि अण्णा उत्तर देणार. राजूला एका डोळ्यानं कमी दिसायला लागलं. मग राजूचे गुडघे धरले. आत्या म्हणाल्या, "निर्गुडीच्या पाल्यानं शेका त्याला." पुढच्या शनिवारी अण्णा सायकलवरून जरा सहज उतरले आणि म्हणाले, "फरक आहे." मग राजूला खोकला झाला. मग राजूचे दात पडले. माझा नवरा मला हळूच म्हणायचा, "हे कुत्रं आता पेपरात द्यायला पाहिजे." मी त्याला दटावायचे, आणि आत जाऊन तोंडावर पाणी मारायचे.

राजूचा पुडा आत्याच करायच्या, मी पुडे पोचवायला बाहेर गेले की. दोरा बांधून तयार ठेवायच्या. त्या एका पुड्यातलं बिस्किट त्यांनी मला कधी चाखायला दिलं नाही, आणि मीही मागितलं नाही. ते कुठल्या कुत्र्याच्या पोटात जाणार होतं?

*

परवाच्या शनिवारी अण्णा आले नाहीत. अंघोळ करताना पाय घसरला, पलंगावर आहेत, असा निरोप आला. आत्यांनी पुडा माझ्या हातात दिला. "जाऊन ये. राजूकडं कोन बघत असंल?"

अण्णांचं घर म्हणजे एक खोली. राजूचं ताट भिंतीला उभं केलेलं, घासून पुसून. शेजारीण चहा ठेवून गेली. अण्णांनी उशाशी असलेला डबा उघडला आणि बशीत बिस्किटं ठेवली. आमचीच, गेल्या शनिवारची.

"अण्णा, तुम्ही खाता ही?"

"मग काय फेकू? म्हातारी हातानं करते." त्यांनी एक चहात बुडवलं आणि हिरड्यांनी चघळायला लागले. त्यांच्या तोंडात एकही दात राहिला नव्हता, हे मी इतक्या दिवसांत नीट बघितलंच नव्हतं.

सवयीनं मीही एक उचलून तोंडात टाकलं.

तीळ होते. ओवा होता. मीठ होतं.

"अण्णा, ह्याच्यात मीठ आहे."

"असतंच की."

"कधीपासून?"

"राजू गेला, त्या शनिवारपासून." ते माझ्याकडे बघायला लागले. "तूच घालतेस ना?"

मी चहा संपवला. आणलेला पुडा डब्यात ओतून दिला.

घरी आले तर आत्या परात पुढं घेऊन बसल्या होत्या. मी पायातली चप्पल काढली.

"राजू कसा हाय?" त्यांनी विचारलं.

"बरा आहे, आत्या."

"दात गेल्यात त्याचं," आत्या म्हणाल्या, आणि पिठात अजून थोडं पाणी घातलं. "ह्या टायमाला जरा मऊच करते."