अर्ध्या फंडाचे मामा

हिशेबाला एवढा पक्का आणि व्यवहाराला एवढा कच्चा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. आमच्या हळद कारखान्याच्या वजनकाट्यावर ते होते, आणि मालक सोडून सगळे त्यांना मामाच म्हणत. तीस वर्षं ट्रॅक्टर तोलून त्यांची नजरच काटा झाली होती. नवे मॅनेजर पहिल्या दिवशी ऐटीत आत आले, तर मामा चष्म्यावरून बघत म्हणाले, "साहेब, ब्याऐंशी." वजन बराबर निघालं, म्हणून तर साहेब आठवडाभर बोलले नाहीत.

सहा वर्षांपूर्वी मालकांनी आमच्या पगाराचे दोन तुकडे केले. मूळ पगार निम्मा, उरलेला म्हणे 'विशेष भत्ता'. प्रॉव्हिडंट फंडात मालकाचा हिस्सा जातो तो मूळ पगारावर, म्हणजे तोही निम्मा. ऑफिसातला कारकून मी, त्यामुळं त्याचा कागद मीच टाइप केला होता. आमचीही कपात घटली, हातात चार पैसे जास्त आले, तेव्हा आम्ही शहाण्यांनी पटापट सह्या ठोकल्या आणि शनिवारी ढाब्यावर जाऊन मटण हाणलं. मामांनी कागद तीनदा वाचला आणि ते ओरडले, "आरं, हे तर माझ्या बायकोचा गुडघा कापून राहिलेत!" मामींचा जन्म याच कारखान्यात उकिडवं बसून हळद निवडण्यात गेला होता. दोन्ही गुडघे बदलायचे, नांदेडच्या डॉक्टरचा आकडा आणि निवृत्तीला मिळणारा फंड, दोन्ही मामांनी जेमतेम जुळवून ठेवले होते; थोडं जरी कमी पडलं तरी दुसरा गुडघा राहणार. "दोन गुडघ्यांचा फंड व्हता, आता एकाचाच राह्यला," ते म्हणाले. आम्ही हसलो. हसायला काय जातंय!

सही त्यांनीही केली, न करून जातात कुठं? पण दुसऱ्या दिवसापासून मामांनी अर्धी नोकरी सुरू केली. मालकांची गाडी आली की एकच हात छातीशी धरून अर्धा नमस्कार. मालक घाबरले, त्यांना लकव्याची शंका आली. "हाताला काय झालं हो?" त्यांनी विचारलं. मामा म्हणाले, "फंडाला झालंय, तेच हाताला उतरलं." मालक मोठ्यानं हसले आणि गाडीत बसून निघून गेले. असल्या लोकांना टोमणासुद्धा लागत नाही. मग मामांनी हुकमी पत्ता काढला: ट्रॅक्टर भरलेला तोलायचा, रिकामा तोलायचा नाही. रिकाम्याचं वजन नाही तर हळदीचं वजन नाही, झाली मालकाची पंचाईत! पण पंचाईत झाली ती हळद घेऊन आलेल्या कुरुंद्याच्या एका म्हातारीची. सकाळपासून हळदीच्या हिशेबपट्टीसाठी ताटकळून ती काट्याच्या खिडकीशी आली. "बाबा, तुझं भांडण मालकासंगं, अन् उन्हात मला काहून वाळवून राहिलास?" मामा खाली मान घालून उठले. "ही गाडी कंपनीची न्हाई, माझ्या घरची हाय," असं म्हणून त्यांनी ती तोलली. मागच्या अकरा गाड्याही मग घरच्याच निघाल्या. आंदोलन दुपारच्या जेवणाआधीच आटोपलं, आणि मालकाला पूर्ण काम निम्म्या फंडात मिळत राहिलं.

गेल्या वर्षी मामा निवृत्त झाले. शाल, नारळ, आणि 'मामा म्हणजे आमच्या घरातलेच' असं मालकांचं भाषण. इतक्या वर्षांत मालक त्यांना पहिल्यांदाच मामा म्हणाले. परवा मी त्यांच्या घरी गेलो. मामींचा डावा गुडघा झाला आहे, उजवा तसाच. मी नको नको म्हणत असताना त्या चहाला उठल्या. एक पाऊल खणखणीत पडायचं, दुसरं फरफटत यायचं. चुलीपर्यंत असतील दहा पावलं, पण मामा तिकडं बघेनात. मला फार वाईट वाटलं त्या माणसाचं.

"लेका, एक विचारू?" ते हळू आवाजात म्हणाले. "तो कागद तू टाइप केलास, तवा ह्याच्यात काय हाय ते तुला कळलं व्हतं का?"

"न्हाई मामा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तेच म्हणतो मी हिला. पोराला ठावं असतं तर बोलला असता."

मामी चहा घेऊन येत होत्या. टाइप करतानाच मला सगळं कळलं होतं.